आप्पांनी आकाशात काढलेला आठ

“पहिलं विमान माणसाचं चारित्र्य घडवतं,” पोतनीस गंभीरपणे म्हणाले, आणि बाहेर त्यांच्या दुकानाचा बोर्ड पडला.

पडला म्हणजे आपोआप पडला नाही. आमच्या आप्पांनी गाडी मागे घेताना तो पाडला. चांगला माझ्या छातीएवढा, पिवळाधमक, वर लाल विमान काढलेला बोर्ड फुटपाथवर लोखंडी पायांवर उभा होता. थोड्या वेळाने आप्पा किल्ली बोटात फिरवत आत आले आणि पोतनिसांना म्हणाले, “तुमच्या दारात कुणीतरी काहीतरी ठेवलंय. रहदारीला अडथळा होतो. उचलायला सांगा.”

पोतनिसांनी माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेल्या विमानांकडे बघितलं.

“विमान कुणासाठी पाहिजे म्हणालात?”

“यांच्यासाठी,” मी म्हणालो.

पोतनीस खुर्चीत बसले. कोल्हापुरातलं हे दुकान म्हणजे त्यांचं व्रत होतं. नोकरी सोडून त्यांनी ते घातलं होतं, आणि रिमोटवर उडणारं विमान ते कुणालाही सहजासहजी विकत नसत. आधी मुलाखत घेत. आप्पांना मुलाखती घ्यायची सवय होती, द्यायची नव्हती. त्यामुळे पुढचा तास कठीण जाणार हे मला दिसत होतं.

ही गोष्ट माझी मुलगी इरा दुसरीत होती तेव्हाची. आता ती स्वतः गाडी चालवते, आणि आठ उत्तम काढते. पण ते नंतरचं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होते. सांगलीत त्या काळी चाळिशी ओलांडलेली जी माणसं गाडी चालवत होती, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आप्पांसमोर आठ काढला होता. जमिनीवर फक्कीने आखलेल्या आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवून दाखवायची, ही परीक्षा. ज्यांना तो नीट काढता आला नाही ती माणसं तेव्हाही एसटीने फिरत होती. आप्पांनी स्वतःच्या मेव्हण्याला नापास केलं होतं. पुढच्या खेपेला त्याला घरी जेवायला बोलावलं, आग्रह करकरून पुरणपोळी वाढली, आणि जेवण झाल्यावर पुन्हा नापास केलं. मलाही केलं. “इंडिकेटर देताना तुझा चेहरा आत्मविश्वासाचा नव्हता,” असं कारण मला मिळालं. चेहऱ्याचा नियम कुठल्या कलमात आहे हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, आणि आप्पांना दिसेनासं झालं. ही गोष्ट त्यांच्याखेरीज सगळ्यांना दिसत होती.

सुरुवात एका ट्रकपासून झाली. बाजाराच्या रस्त्यावर पुढे थांबलेल्या ट्रकला आप्पा बराच वेळ हॉर्न देत राहिले. शेवटी एक माणूस आला आणि म्हणाला, “काका, याला चाकं नाहीत. गॅरेज आहे हे.” मग एका लग्नाच्या मांडवात ते गाडीसकट शिरले. तिथे ओळखीचे निघाले म्हणून जेवूनच आले. पण आप्पा रोज सकाळी इराला त्याच पांढऱ्या मारुतीतून शाळेत सोडत, आणि एका शनिवारी इरा कपाळावर टेंगूळ घेऊन आली. शाळेचं फाटक होतं तिथेच होतं. फक्त ते उघडं आहे, असं आप्पांना वाटलं.

त्या संध्याकाळी माझी बायको मेधा मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“सोमवारपासून इरा त्या गाडीत बसणार नाही. आणि गाडी आप्पांनी चालवायची नाही. आज टेंगूळ आहे, उद्या काय असेल मला माहीत नाही. हे त्यांना तू सांगायचंस.”

“मी?”

“तुझे वडील आहेत.”

मी व्हरांड्यात गेलो. आप्पा खुर्चीत बसले होते.

“आप्पा, ते शाळेच्या फाटकाचं...”

“ते फाटक बाहेर उघडतं,” आप्पा म्हणाले. “रस्त्याच्या बाजूला उघडणारं फाटक नियमात बसत नाही. मी हेडबाईंना लेखी कळवणार आहे.”

“फाटक बंद होतं, आप्पा.”

“तेच म्हणतोय मी. शाळेच्या वेळेत बंद का?”

“एकदा डोळे दाखवूया का?”

“कुणाचे?”

“तुमचे.”

आप्पांनी मान वळवली. “सुहास, मी जन्मभर लोकांचे डोळे तपासले. नंबरप्लेट लांब उभी करून वाचायला लावली. वाचता आली नाही की घरी. माझे डोळे तपासणार कोण?”

“मग ती समोरची गाडी. तिचा नंबर सांगा.”

आप्पांनी समोर बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. “शिराळकरांची आहे. एमएच दहा, शेवटी सत्तर एकोणीस.”

नंबर बरोबर होता. फक्त समोर शिराळकरांची गाडी नव्हती, इस्त्रीवाल्याची हातगाडी होती.

मी पुढे काय बोललो असतो मला माहीत नाही, कारण तेवढ्यात डोक्यावर भुणभुण सुरू झाली. शिराळकरांचा बंगळूरचा जावई गच्चीवरून रिमोटचं विमान उडवत होता. सुट्टीवर आला की तो एवढंच करायचा. गल्लीतली सगळी माना वर करून बघत होती.

“काय आहे ते?” आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं.

“तो जावई? ज्याला स्कूटर स्टँडवर लावता येत नाही तो?” आप्पा ताठ बसले. “त्याला जमतं ते मला जमणार नाही? मी विमान उडवून दाखवतो तुम्हाला. नुसतं उडवत नाही. आकाशात आठ काढतो, आठ! आणि जिथून उडवलं तिथे आणून उतरवतो. जमलं, तर माझ्या डोळ्यांचा आणि माझ्या गाडीचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही.”

“आणि नाही जमलं तर?” आतून मेधाचा आवाज आला. ती दाराआड उभी होती.

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली. पितळेच्या छोट्या गणपतीला अडकवलेली. ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

“नाही जमलं, तर ही तुमची.”

अशा रीतीने आम्ही पोतनिसांच्या दुकानात आलो होतो. माणसं हौसेने पहिलं विमान घेतात, मुलांसाठी घेतात, डॉक्टरांनी मन रमवायला सांगितलं म्हणून घेतात. वडिलांची किल्ली काढून घेण्यासाठी विमान घेणारा मी बहुधा पहिलाच असेन. आणि नवशिक्याला कोणतं विमान द्यावं याचा विचार करणारे पुष्कळ असतात. मला कोणतं देऊ नये ते शोधायचं होतं.

पोतनिसांनी एक जाडजूड पांढरं विमान खाली काढलं.

“काका, पहिलं विमान म्हणजे हे. पंख वरच्या अंगाला, पोट खाली. हळू उडतं. फोमचं आहे, पडलं तरी चिकटवता येतं. आणि घाबरून रिमोटच्या दांड्या सोडून दिल्यात, तरी आपोआप सरळ होतं.”

“आपोआप?” आप्पांनी विचारलं. “मग चालवणारा काय करतो?”

“काही करत नाही. तेच तर नवशिक्याला हवं असतं.”

“असल्या गाडीवर मी कुणाला लायसन्स दिलं नसतं.” आप्पांनी विमान हातात घेऊन उलटं केलं. खालून बघितलं. नाकाने वास घेतला. “ब्रेक कुठाय?”

“विमानाला ब्रेक नसतो, काका. म्हणजे या विमानाला नसतो.”

“हॉर्न?”

“नसतो.”

“आरसा? मागचं कसं कळायचं?”

“मागचं बघायचं नसतं. आकाशात मागे कुणी नसतं.”

आप्पा माझ्याकडे वळले. “ब्रेक नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. हे पास कुणी केलं?”

पोतनिसांनी दीर्घ श्वास घेतला. ते दुसरं विमान काढणार तोच आप्पांची नजर वर गेली. म्हणजे नजर कशी गेली मला माहीत नाही, पण गेली. छताला एका कोपऱ्यात एक खाकी विमान टांगलेलं होतं. निमुळतं नाक, पंख खालच्या अंगाला, जुन्या कुठल्यातरी लढाऊ विमानाची नक्कल. आप्पांनी आयुष्यभर खाकी घातली होती. ती त्यांना अंधारातही कळली असती.

“ते,” आप्पा म्हणाले.

“ते पहिलं म्हणून घेत नाहीत, काका.”

“का? खाकी आहे. व्यवस्थित दिसतंय. ते पांढरं म्हणजे शिकाऊ. माझ्या वयाच्या माणसाने एल लावून फिरायचं?”

पोतनिसांनी मला कोपर धरून डिंकाच्या बाटल्यांच्या कपाटाआड नेलं.

“हे बघा, हे चौथं-पाचवं विमान आहे. भयंकर चपळ. जरा चुकलं की संपलं. शिवाय खाकी रंग आकाशात लगेच हरवतो. आणि वडिलांची नजर...” त्यांनी दाराबाहेर बघितलं. बोर्ड तसाच पालथा पडला होता.

“पडेल?” मी विचारलं.

“पडेल म्हणजे? पहिल्या मिनिटात पडेल.”

“नक्की?”

“लिहून देतो.”

“मग हेच द्या.”

पोतनीस मला न्याहाळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “वडिलांशी काही वाद आहे का?”

“इस्टेटीचा नाही,” मी म्हणालो.

त्यांनी विमान दिलं, पण त्यांचं मन त्यांना खात असावं, कारण खोक्याला सुतळी बांधताना ते उपदेश करत राहिले. उंच गेलं की मोटर बंद करून तरंगू द्या. सूर्याकडे तोंड करून उडवू नका. आणि तोल सांभाळा. “पंखाखाली दोन बोटं धरून तोलून बघायचं, हा मुख्य नियम. शेपटीकडे जरासुद्धा वजन वाढलं तर नाक वर करतं आणि जागच्या जागी बसतं. शेपटीला नावाची चिठ्ठीसुद्धा चिकटवू नका, काका.”

“नंबरप्लेट?” आप्पांनी विचारलं.

“नाही.”

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, “माणूस हुशार आहे, पण नियम माहीत नाहीत.” आणि आम्ही बोर्डावरून गाडी घेऊन सांगलीला परतलो.

पुढचे काही दिवस आप्पांनी सराव केला. म्हणजे ते व्हरांड्यात रिमोट घेऊन बसत आणि विमान खोक्यातच असे. “आता उजवीकडे घेतलं,” ते म्हणत. “आता डावीकडे. आता न्यूट्रल.” उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायची त्यांना जुनी सवय होती, आणि आकाश त्यांना एकंदरीत उतारच वाटत होतं. या दिवसांत इराला मेधाच स्कूटरवर शाळेत सोडायची. आप्पांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. निकाल लागेपर्यंत उमेदवार शांत असतो.

रविवारी आम्ही मिरजेच्या पुढे एका ओळखीच्यांच्या माळावर गेलो. एका बाजूला पुरुषभर उंचीचा ऊस, बाकी मोकळं. आप्पा, आई, मेधा, इरा आणि मी. वाटेत आप्पांनी गाडी चालवली, आई आणि मी आपापल्या परीने मागे रेलून बसलो; मेधा इराला घेऊन स्कूटरवर मागून आली.

माळावर पोचल्यावर आईने पिशवीतून तबक काढलं.

“हे काय?” मी विचारलं.

“नवीन वाहन आहे,” आई म्हणाली. “पूजा न करता आजपर्यंत या घरात सायकल चालवलेली नाही.”

हे खरं होतं. आमच्याकडे मिक्सरची पूजा झाली होती. आईने विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं, पंखावर स्वस्तिक काढलं, शेवंतीचा हार घातला. आप्पांनी दगडावर नारळ फोडला. मग चाकाखाली लिंबू ठेवलं. विमानाची चाकं लिंबापेक्षा लहान होती. विमान लिंबावरून नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा लिंबूच पुढे गेलं. तीनदा तसंच झाल्यावर आप्पांनी ते बुटाने चिरडलं आणि विधी पुरा झाल्याचं जाहीर केलं. हार उतरवला. मग आईने दोऱ्यात ओवलेलं दुसरं लिंबू आणि मिरच्या काढल्या.

“आई, हे नको,” मी म्हणालो. “दुकानदाराने सांगितलंय, वजन चालत नाही.”

“दुकानदाराला नजर लागत नाही, विमानाला लागते. अहो, कुठे बांधू?”

“गाडीला पुढे बांधतो आपण,” आप्पांनी विचार केला. “पण इथे पुढे पंखा फिरणार. मिरच्या कापल्या जातील. मागे बांध. शेपटीला.”

“आप्पा, शेपटीला तर अजिबातच...”

मेधाचा पाय माझ्या पायावर पडला. मी तिच्याकडे बघितलं. ती उसाकडे बघत होती. मी पुढे बोललो नाही. आईने शेपटीला लिंबू बांधलं, दोन गाठी मारल्या आणि विमानाच्या पाठीवरून हात फिरवला.

“सोडतो,” मी म्हणालो. विमान हाताने फेकून उडवायचं होतं. आप्पा पाय फाकून उभे राहिले, रिमोट पोटाशी धरून.

“थांब. इंडिकेटर.”

“नाहीये, आप्पा.”

“मग हात दाखव.”

मी उजवा हात दाखवला, आणि मग दोन्ही हातांनी विमान फेकलं.

ते सुटलं, सरळ वर चढलं, आणखी चढलं, आणि उभं राहिलं. आकाशात उभं राहिलेलं विमान मी त्याआधी बघितलं नव्हतं. लिंबू क्षणभर त्याच्याखाली लोंबकळलं. मग शेपटी खाली करून ते सगळंच्या सगळं शेजारच्या उसात गेलं. आवाज फारसा झाला नाही. उसाची पानं दोन्ही बाजूंना झाली, आणि पुन्हा एकत्र आली.

“गेलं,” मेधा म्हणाली.

“गेलं ना?” आप्पा ओरडले. “कसं सरळ गेलं बघ!”

ते वर बघत होते. थेट सूर्याकडे. कपाळावर एक हात धरून त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मी त्यांच्याजवळ गेलो. आता किल्ली मागायची, एवढंच बाकी होतं. मी तोंड उघडलं.

“सापडलं!” आप्पा म्हणाले.

मी वर बघितलं. खूप उंचावर, उसाच्या वरच्या अंगाला, एक घार तरंगत होती. पंख पसरून, अगदी स्थिर. खाकी.

“इंजिन बंद केलं बघ,” आप्पांनी डावी दांडी खाली ओढली. “आवाज येतोय का? नाही. न्यूट्रल. आता नुसतं तरंगतंय. आता उजवीकडे घेतो.”

त्यांनी दांडी उजवीकडे सरकवली. घार डावीकडे गेली.

“वारा आहे वरती,” आप्पा म्हणाले.

त्यांनी दुसऱ्यांदा उजवीकडे घेतली. या वेळी घारही उजवीकडे वळली. आप्पांनी मान डोलावली. “आता ऐकायला लागलं. नवीन गाडी असंच करते पहिल्यांदा.”

मेधा माझ्या कानाशी आली. “सांग.”

“काय?”

“ती घार आहे म्हणून.”

“तू सांग.”

“तुझे वडील आहेत.”

“आजोबा,” इरा म्हणाली, “ती तर...”

आईने तिच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला. “प्रसाद आहे. नीट चावून खा.”

आप्पांना आमच्याकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. निवृत्तीनंतर त्यांना पाठ इतकी ताठ करून उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, अंगठे दांड्यांवर हलके. परीक्षेला आलेल्या माणसाला सूचना द्यावी तशी ते स्वतःलाच सूचना देत होते. “घाई नाही. वळणाआधी वेग कमी. बघत राहा, मान नको हलवू.” घार मोठा फेरा घेऊन आली. आप्पा तिच्याबरोबर वळले, आम्ही आप्पांबरोबर वळलो.

“आजोबा, पण तिला...”

आणखी एक तुकडा.

“आता आठ काढतो,” आप्पा म्हणाले. “सगळ्यांनी शांत राहा.”

सगळे शांतच होते. आप्पांनी दांडी डावीकडे घेतली. घार डावीकडे वळली, गोल फिरली, फिरत फिरत जिथून निघाली होती तिथे आली. आप्पांनी श्वास रोखला. मीसुद्धा रोखला, हे मान्य केलं पाहिजे. आप्पांनी दांडी उजवीकडे नेली. घार जराशी कलली, थबकल्यासारखी झाली, आणि उजवीकडे वळून तिने दुसरा गोल पुरा केला. दोन्ही गोल सारखे. मधे कुठे झोल नाही, कुठे पाय टेकला नाही. आप्पांनी आयुष्यभर जमिनीवर आखला तसा तो आठ होता.

मेधाने टाळ्या वाजवल्या.

मी तिच्याकडे बघितलं. ती टाळ्या वाजवतच होती. तिचं तिलाच ते कळायला थोडा वेळ लागला.

“उत्तम,” आप्पा म्हणाले. हा शब्द त्यांनी कुणाच्याही आठाला वापरल्याचं मला आठवत नाही. “आता उतरवतो.”

त्यांनी दांडी हळूहळू पुढे ढकलली. घार दोन-चारदा पंख हलवून आणखी वर गेली.

“खाली,” आप्पा म्हणाले.

घार नदीच्या दिशेला निघाली.

“मागे फीर. फीर मागे.” त्यांनी दोन्ही दांड्या ओढल्या. रिमोट डोक्यावर धरला. चार पावलं तिच्या मागे चालत गेले. घार लहान झाली, ठिपका झाली, मग मलाही दिसेना. आप्पांना ती किती वेळ दिसत राहिली कोण जाणे. ते बराच वेळ तिकडे तोंड करून उभे होते.

शेवटी त्यांनी रिमोट बंद केला.

“रेंजच्या बाहेर गेलं,” ते म्हणाले.

इराच्या तोंडात बरंच खोबरं होतं.

“शोधायला जाऊया का?” मी विचारलं. मी उसाकडे पाठ करून उभा राहिलो होतो.

“कुठे शोधणार? ते मैलभर गेलं.” आप्पांनी घसा खाकरला. मग त्यांच्या जुन्या आवाजात, जो ऐकून ट्रकवाले टोपी काढत, ते म्हणाले, “आठ, पास. उतरवणे, नापास. एकूण निकाल, नापास.”

“वारा होता, आप्पा,” मी म्हणालो.

“वाऱ्याचे मार्क नसतात.”

“पण आठ इतका सुरेख निघाला,” मेधा म्हणाली. हो, मेधाच म्हणाली. “तेवढ्यावर पास करा की. आम्ही सगळ्यांनी बघितलाय.”

“अर्धा पास असं काही नसतं, मेधा. मेव्हण्याला विचार.” त्यांनी खिशातून किल्ली काढली, पितळेचा गणपती कपाळाला लावला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. “बोललो तसं. ही तुमची.”

परत येताना गाडी मी चालवली. आप्पा शेजारी बसले आणि मिरजेपर्यंत माझ्या चुका काढत राहिले. त्या बहुतेक बरोबर होत्या. त्यांना आवाजावरून कळत होत्या. मिरजेनंतर ते खिडकीतून वर बघत राहिले.

“ते विमान,” एकदा फक्त म्हणाले, “दिसायला चांगलं होतं रे.”

“खूप,” मी म्हणालो.

घरी आल्यावर मेधाने इराला बाजूला घेऊन समजावलं. इराने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आजोबांनी खरी घार उडवली?” मेधा म्हणाली, “हो.” इराला ते विमानापेक्षा मोठं वाटलं, आणि तिने ते कुणाला न सांगण्याचं कबूल केलं. उसातलं विमान आणायला कुणी गेलं नाही.

रात्री किल्ली उशाखाली ठेवून मी झोपलो. गेले कितीतरी महिने अशी झोप लागली नव्हती.

सकाळी इराला शाळेत सोडायला मी खाली आलो. आजपासून गाडीने मीच तिला सोडणार होतो. खिशात किल्ली होती. फाटक सताड उघडं होतं, आणि गाडी जागेवर नव्हती.

आई अंगणात तुळशीला पाणी घालत होती.

“आई, गाडी?”

“ते घेऊन गेलेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे.”

“आप्पा? डोळ्यांच्या डॉक्टरकडे?”

“काल आडवे झाले तर झोप नाही. मग मला विचारतात, काय गं, विमानाला पंख हलवायची सोय असते का?” आईने तांब्या खाली ठेवला. “मी म्हटलं, उडवत तुम्ही होता, मला काय माहीत. मग उठून बसले. नंतर म्हणाले, उद्या सकाळी जाऊन डोळे दाखवून येतो. मोतीबिंदू असेल तर काढून टाकतो म्हणाले.”

मी तिथेच पायरीवर बसलो. जे आम्हा चौघांना वर्षभरात जमलं नव्हतं, ते एका घारीने दोन-चारदा पंख हलवून केलं होतं. इरा माझ्या शेजारी दप्तर घेऊन बसली.

“रिक्षाने का नाही गेले?” मी विचारलं.

“रिक्षावाले वाकडे चालवतात म्हणाले.”

“पण आई, किल्ली माझ्याकडे आहे.” मी खिशातून ती काढून दाखवली, गणपतीसकट.

“एक तुझ्याकडे आहे,” आई म्हणाली. “गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या होत्या.”